फिरवलेल्या कुंडीतलं फूल

मित्रांनो, मला जुना म्हणण्याआधी माझं वय विचारा, आणि मी सांगेन त्या वयावरही लगेच विश्वास ठेवू नका. माझ्या कुंडीत खोचलेल्या पट्टीवर नाव आहे, साल आहे. पण ती पट्टी माझी मूळची नाही. ती का बदलली, हीच तर सगळी गोष्ट आहे.

मी एक ऑर्किड आहे. माझ्या फुलाची खालची पाकळी सपातेच्या टोकासारखी पोकळ असते, म्हणून इथले लोक आमच्या जातीला सपातेचं फूल म्हणतात. यॉर्कशरमधल्या कीथली गावी, डोरीन सटक्लिफ नावाच्या बाईच्या स्वयंपाकघरात, पूर्वेच्या खिडकीत माझा मुक्काम आहे. माझ्या शेजारी एक पांढरं फुलपाखरी ऑर्किड बसतं. शेजारणीने ते दुकानातून भेट म्हणून आणलं होतं. वर्षातले दहा महिने ते फुललेलंच असतं. पहिले दोन महिने तर ते प्लास्टिकचं असावं असा मला संशय होता. अजूनही तो पुरता गेलेला नाही.

होय, मी संशयी आहे. जी जात वर्षाकाठी जेमतेम एखादं-दुसरं पान काढते, तिला घाईने फुलणाऱ्या प्रत्येकाचा संशय येणारच.

माझा जन्म मातीत झाला नाही, बाटलीत झाला. दक्षिणेकडच्या एका रोपवाटिकेत कुणीतरी माझ्यासारखं धुळीएवढं बी एका काचेच्या बाटलीत पसरलं आणि बूच लावून टाकलं. आम्ही चाळीस भावंडं त्या बाटलीत दाटीवाटीने वाढलो. काचेतून बाहेरचं जग दिसायचं, पण सगळं वाकडं दिसायचं. माणसांची डोकी लांब, हात आखूड. बाहेर आल्यावर कळलं की माणसं तशी नसतात. तेव्हापासून जे डोळ्यांना दिसतं तेच खरं, असं मी कधी मानलं नाही. पुढे मात्र नेमक्या एका प्रसंगी मी हे विसरलो, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

चार वर्षांचा झालो तेव्हा मी बोटभर होतो. वसंतातल्या प्रदर्शनात एका विक्रेत्याच्या टेबलावर मी बसलो होतो. डोरीन समोर आली, चष्मा नाकावर सरकवला आणि माझ्या पानांची खालची बाजूसुद्धा तपासली.

"फुलायला किती दिवस?" तिने विचारलं.

"दिवस? बाई, बारा वर्षं धरा."

"मग बारा वर्षांनी तुम्ही इथेच याच टेबलाशी उभे असाल ना? नाही फुललं तर आणून तुमच्या पदरात टाकीन."

विक्रेता हसला. डोरीन हसली नाही. एकतीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना दुपारचं जेवण वाढलं होतं. कुणी पुडिंगसाठी दुसऱ्यांदा रांगेत उभं राहिलं आहे, हे तिला नुसत्या चेहऱ्यावरून कळायचं. एकदा ज्याला तिने पकडलं, त्याला ती पुढची पाच वर्षं विसरत नसे. मला ती पहिल्याच दिवशी आवडली. म्हटलं, ही आपल्याच जातकुळीतली दिसते.

तिने मला नीट वाढवलं, हे मला कबूल केलंच पाहिजे. नळाचं पाणी तिने मला कधी दिलं नाही. अंगणातल्या पिंपात साठलेलं पावसाचं पाणी ती आदल्या दिवशी घरात आणून ठेवायची, म्हणजे माझ्या मुळांना गारठा लागू नये. पाऊस तर कीथलीत मागाल तेवढा मिळतो. एका वर्षी एक गोगलगाय खिडकीतून आत शिरली आणि तिने माझ्या सर्वांत मोठ्या पानाच्या टोकाला अर्धचंद्राएवढा घास घेतला. डोरीनने त्या गोगलगाईचं काय केलं ते मी सांगत नाही. पण तो अर्धचंद्र तिला पाठ झाला. "माझा तो, चंद्राच्या खुणेचा," असं ती माझ्याबद्दल म्हणायची.

अकरा वर्षांनी मी फुललो. एका दांड्यावर तीन फुलं आली. वरच्या पाकळीवर गडद पट्टे, आणि बाजूच्या दोन पाकळ्या भरघोस मिशांसारख्या आडव्या ताणलेल्या. आमच्या गावच्या ऑर्किड मंडळाची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये भरते. मे महिन्याच्या सभेत मला चषक मिळाला. मंडळाच्या परीक्षक क्रॅबट्रीबाई कुणाचं कौतुक करत नाहीत, असा त्यांचा लौकिक आहे. त्या माझ्यासमोर पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हं." हॉलमधल्या लोकांना त्याचा अर्थ कळला. डोरीनचे डोळे भरून आले. ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि तिला तोवर कशाचंही बक्षीस मिळालं नव्हतं.

तिथेच एक चूक झाली. आमच्या लोकांची एक जुनी रीत आहे. ज्याचं रोप बक्षीस मिळवतं, त्याने त्या रोपाचा एक तुकडा काढून भरवशाच्या माणसाकडे ठेवायला द्यायचा. त्याला 'ठेवीचं रोप' म्हणतात. उद्या आपलं रोप मेलं, तर हक्काने जाऊन ठेव परत मागता येते. रीत चांगली आहे. पण आमच्या जातीचं रोप निदान सहा झुपक्यांचं झाल्याशिवाय तोडू नये, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. माझे तेव्हा चारच झुपके होते. क्रॅबट्रीबाई म्हणाल्या, "घाई करू नका." पण चषकाच्या आनंदात कोण ऐकतं! डोरीनने सुरी उकळत्या पाण्यातून काढली आणि माझे दोन भाग केले. दोन झुपके मला राहिले. दोन गेले लेनकडे.

हा लेन म्हणजे लेनर्ड ऑल्डरॉइड. निवृत्त बस ड्रायव्हर. बायको गेल्यापासून एकटाच राहायचा, आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून, आणि त्याच्या परसात एक काचघर होतं. अठ्ठावीस वर्षांची त्यांची मैत्री. दर गुरुवारी दुपारी चार वाजता तो आमच्याकडे चहाला यायचा. डोरीन आल्याचा पार्किन केक करायची, आणि चहा मात्र लेनच ओतायचा. "तुझ्या हातचा चहा म्हणजे गढूळ पाणी," असं तो तिला सांगायचा, आणि ती म्हणायची, "तुझ्या बसमध्ये बसलेल्या लोकांना विचार, तुझ्या हातचं काय काय सोसलं त्यांनी." असं बोलणं अठ्ठावीस वर्षं चाललं होतं. त्यात दोघांनाही काही नवीन ऐकायचं नसे.

मित्रांनो, आमच्यात एक झुपका आयुष्यात एकदाच फुलतो. मग तो शेजारी नवा झुपका वाढवतो, आणि तो मोठा व्हायला तीन-चार वर्षं जातात. माझा नवा झुपका चौथ्या वर्षात आला, तेव्हाच्या नोव्हेंबरात डोरीनच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर काही दिवस ती भाचीकडे राहणार होती. तिने मला खोक्यात घातलं, कागदाने गुंडाळलं आणि लेनच्या हवाली केलं.

"पाणी कमी दे," ती म्हणाली. "आणि रेडिओ मोठ्याने लावू नकोस."

"रोपाला रेडिओचं काय?"

"रोपासाठी नाही सांगत. तू बातम्या ऐकताना पाणी घालत बसतोस, आणि बातम्या संपेपर्यंत थांबत नाहीस."

लेनच्या काचघरात मी दहा आठवडे होतो. तिथे माझाच तुटलेला भाग फळीवर बसला होता, आणि तो माझ्यापेक्षा जाड दिसत होता. मनात शंकेची पाल चुकचुकली. ह्याला इथे असं काय खाऊ घालतात? मी बारीक लक्ष ठेवलं. लेन त्याला काहीही घालत नव्हता. पाणी घालायचा, "काय रे, ठीक ना?" म्हणायचा आणि पुढे जायचा. त्यामुळे माझा संशय आणखी वाढला.

डिसेंबरात कडाक्याचं हिव पडणार अशी बातमी आली. काचघराचं तापवण्याचं यंत्र कुरकुरत होतं. अंधारून येत असताना लेन आला आणि म्हणाला, "चल, पाहुणा आधी घरात. डोरीनचा जीव अडकलाय तुझ्यात." दोन्ही हातांनी त्याने मला उचललं. काचघराच्या दाराशी तीन दगडी पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर काहीतरी झालं. मी एकदम वर गेलो, मग हादरलो, आणि मग कलंडून फरशीवर पडलो. माझ्या मुळांभोवती मातीऐवजी भरलेली झाडाची साल सांडली. पट्टीचे दोन तुकडे झाले. चंद्राच्या खुणेचं पान बुडातून मोडलं.

लेन तिथेच बसून राहिला होता. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग डाव्या हाताने त्याने साल गोळा केली आणि मला परत कुंडीत बसवलं.

"कुणाला सांगू नकोस हं," तो मला म्हणाला.

मी कुणाला सांगणार होतो? पण ते वाक्य माझ्या मनात रुतलं. ज्याची चूक नाही, तो कशाला असं म्हणेल? मी ठरवून टाकलं, की ह्याने मला टाकलं. आपल्या फळीवरचं रोप वरचढ राहावं म्हणून मुद्दाम टाकलं. मित्रांनो, पानं चार आणि संशय चाळीस, अशी माझी तेव्हा गत होती.

फेब्रुवारीत मी घरी आलो. डोरीन काठी टेकत दार उघडायला आली. मला खोक्यातून काढताक्षणीच तिचा चेहरा बदलला. शाळेत पुडिंगची चोरी पकडताना तो असाच होत असणार.

"पान कुठे गेलं? चंद्राचं?"

"पिवळं पडलं होतं. मी काढलं," लेन म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"आणि ही पट्टी? हे तुझं अक्षर आहे."

"जुनी मोडली. प्लास्टिकचं काय, थंडीत तडकतं."

"हं," डोरीन म्हणाली. क्रॅबट्रीबाईंच्या 'हं'पेक्षा हा 'हं' फार वेगळा होता.

त्या गुरुवारी लेन चहाला आला, पण त्याने चहा ओतला नाही. उजवा हात कोटाच्या खिशात घालून बसून राहिला. "आज तूच ओत," म्हणाला. पुढच्या गुरुवारीही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. डोरीन चहा ओतायची आणि त्याच्या खिशाकडे बघायची. आमच्या जगात पट्टी म्हणजे रोपाची जन्मपत्रिका. पट्टी बदलली की लोक माणसाकडे बघून घेतात. त्यात पान गायब, आणि समोर बसलेला माणूस हात लपवतो. कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटलं यात नवल नाही. मला तर खात्रीच होती.

आणि मग मार्चमध्ये माझ्या नव्या झुपक्याच्या मध्यातून दांड्याचं टोक डोकावलं.

एरवी डोरीन नाचली असती. पण तिच्या मानगुटीवर संशयाचं भूत बसलं होतं. लेनने तिचं चांगलं रोप ठेवून घेतलं आणि त्याच्याकडचा कमजोर तुकडा नवी पट्टी लावून तिला परत दिला, असं तिने मनाशी पक्कं केलं. आता पुरावा हवा होता. तिने जुने फोटो काढले. रोज सकाळी भिंग घेऊन ती मला उचलायची, उजेडाकडे धरायची, एका बाजूने बघायची, मग फिरवून दुसऱ्या बाजूने. शिवणकामाच्या फितीने पानं मोजायची. दोनदा तर तिने मला कुंडीतून अख्खं बाहेर काढलं, सुरीने तोडल्याची जुनी खूण शोधायला. आणि परत ठेवताना कधी माझा दांडा खिडकीकडे, कधी चुलीकडे.

मित्रांनो, कळी ही आंधळी नसते. ती उजेड कुठे आहे ते हेरते आणि त्याप्रमाणे हळूहळू आपलं तोंड वळवते. तिला त्यासाठी कित्येक आठवडे लागतात. आज उजेड डावीकडे, उद्या उजवीकडे, परवा मागे. कळीने करायचं तरी काय? मी वळलो, पुन्हा वळलो, दमलो. उघड्या पडलेल्या मुळांनी पाणी ओढायचं सोडून दिलं. तीन कळ्यांपैकी दोन पिवळ्या पडून गळाल्या. शेजारचं ते फुलपाखरी ऑर्किड सगळं बघत होतं. ते मनात हसत असणार अशी माझी पक्की समजूत होती.

मेच्या सुरुवातीला एक फूल उमललं. रंगाने फिकट, आकाराने अर्धं. एक मिशी लांब, एक आखूड. आणि मान अशी मुरगळलेली, की समोर बसणाऱ्याला माझी पाठच दिसावी. चार वर्षं थांबून हे असं फूल आलं. डोरीन खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"हा माझा नाही," ती म्हणाली. "माझा असा नव्हता."

पंधरा वर्षं मी तिच्याच खिडकीत होतो.

मंगळवारी सभा होती. डोरीन मला घेऊन गेली. लाजेने नाही, हट्टाने. टेबलावर तिने मला ठेवलं, आणि शेजारी कोण होतं? लेनकडचा माझा तुकडा, त्याच्यावर चार फुलं, सगळी समोर बघणारी, एकेक मिशी ताठ. क्रॅबट्रीबाई चष्मा पुसून पुन्हा बघू लागल्या.

"एकाच रोपाचे दोन तुकडे, आणि केवढा फरक," त्या म्हणाल्या.

"फरक का पडला ते लेनला विचारा," डोरीन म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता, पण हॉलमधल्या चहाच्या कपांचा आवाज थांबला.

"काय म्हणायचंय तुला, डोरीन?" लेन म्हणाला.

"मला काय म्हणायचंय? पट्टी तुझ्या हातची. खुणेचं पान गायब. तुझ्याकडे चार फुलं, माझ्याकडे हे वाकडं तोंड. बेरीज मलाही येते, लेन."

"तुला वाटतं मी बदललं?"

"मला वाटत नाही. मला दिसतंय."

लेनचा उजवा हात खिशातच होता. त्याने डाव्या हाताने टोपी घेतली. "ठीक आहे," तो म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून निघून गेला. त्याचं रोप टेबलावरच राहिलं. ते क्रॅबट्रीबाईंनी त्याच्या घरी पोचवलं म्हणतात.

पुढचे दोन गुरुवार कुणी आलं नाही. पहिल्या गुरुवारी डोरीनने सवयीने पार्किन केला आणि दोन तुकडे कापले. मग एक परत डब्यात ठेवला. दुसऱ्या गुरुवारी तिने केलाच नाही. चार वाजता मात्र ती खिडकीशी येऊन उभी राहिली आणि माझ्याशी बोलावं तसं म्हणाली, "चोर नसता तर भांडायला तरी आला असता." मला ते पटलं. मी तिच्याहून संशयी.

तिसऱ्या गुरुवारी सकाळी तिने मला खिडकीतून उचललं आणि मागच्या दाराशी, कुजवणीच्या डब्याशेजारी जमिनीवर ठेवलं. माझ्या जागी फुलपाखरी ऑर्किड सरकवलं. म्हणजे माझा निकाल लागला होता. दाराच्या फटीतून वारा येत होता. फुलाची मान वाकडी असल्यामुळे मला फक्त डबा दिसत होता.

चार वाजता मागच्या दारावर थाप पडली.

डोरीनने दार उघडलं. लेन उभा होता, बाजारहाटाची चाकं लावलेली पिशवी घेऊन. पिशवीत रोप होतं. फुलं कापडात जपून गुंडाळलेली.

"हे घे," तो म्हणाला. "तुझंच आहे."

"म्हणजे कबूल आहे तर!"

"कबूल काही नाही. ठेव आहे, ठेव परत मागायचा तुला हक्क आहे. तू मागितलं नाहीस, म्हणून मी आणून दिलं. आता आपला हिशेब संपला."

डोरीनचा चेहरा क्षणभर पडला. तिला भांडण हवं होतं, आणि हा तर शेवट करायला आला होता. पण ती डोरीन सटक्लिफ. "मग तिथे काय ठेवतोस? खिडकीत ठेव," तिने फर्मावलं. "दोन्ही हातांनी उचल. पडलं तर तुझ्या डोक्यावर फोडीन."

लेनने तिच्याकडे बघितलं. मग पहिल्यांदाच त्याने उजवा हात खिशातून बाहेर काढला. कुंडीखाली घातला, उचलली, आणि दोन पावलांवर त्याचं मनगट दुमडलं. कुंडी कलली. डोरीनने काठी टाकली आणि कुंडी पोटाशी धरली. माझा तुकडा वाचला. काठी माझ्या शेजारी येऊन पडली.

"हात दाखव," डोरीन म्हणाली.

"काही नाही गं."

"लेन, हात दाखव."

मोडलेलं मनगट प्लास्टर न घालता वेडंवाकडं जुळलं होतं. हाड एका बाजूला उंच दिसत होतं.

"कधी झालं हे?"

"डिसेंबरात. काचघराच्या पायऱ्यांवर. हिव पडून बर्फ झाला होता, घसरलो."

"आणि दवाखान्यात नाही गेलास?"

"गेलो असतो, तर त्यांनी गिलियनला कळवलं असतं." गिलियन म्हणजे लेस्टरला राहणारी त्याची मुलगी. "ती मागेच म्हणाली होती, 'बाबा, आणखी एकदा पडलात तर काचघर मोडायचं आणि तुम्ही माझ्याकडे यायचं.' बाई, तिच्या घरात उन्हाची एक खिडकी नाही गं."

डोरीन खुर्चीवर बसली. "पण हात असा कसा मोडला? माणूस पडताना हात टेकतो."

"टेकायला हात मोकळे कुठे होते?" लेन म्हणाला. "तुझं हे ध्यान होतं ना दोन्ही हातांत. पडताना वर धरलं. मग मी असा आडवा पडलो, मनगट खाली आलं, आणि शेवटी ते निसटलंच. पान मोडलं, पट्टी मोडली. तुला काय सांगणार? पडलो सांगितलं असतं, तर तू भाचीला सांगितलं असतंस, भाचीने गिलियनला."

मित्रांनो, कुजवणीच्या डब्याशेजारी बसून मी हे ऐकलं. मी एकदम वर गेलो होतो, ते मला आठवत होतं. का वर गेलो, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. साप साप म्हणून भुई धोपटत राहिलो, आणि तो माणूस सहा महिने दुखरा हात खिशात लपवून फिरत होता. मला लाज वाटली. पानांना लाजता आलं असतं तर त्या दिवशी माझं प्रत्येक पान लाल झालं असतं.

डोरीन खाली मान घालून म्हणाली, "मी त्याला रोज फिरवत होते."

"कुणाला?"

"ह्याला. भिंगाने बघायला. फितीने मोजायला. दोनदा कुंडीतून काढला."

लेन थबकला. "कधी? फुलून गेल्यावर?"

"नाही. मार्चमध्ये. एप्रिलमध्ये."

"कळी असताना?" लेनचा आवाज एवढा चढला की फुलपाखरी ऑर्किडसुद्धा हललं असावं. "डोरीन! मला भर सभेत चोर म्हणालीस ते मी सोसलं. पण कळी असताना कुंडी फिरवलीस? अठ्ठावीस वर्षं मंडळात आहेस! शेंबडं पोरसुद्धा कळी असताना कुंडी फिरवत नाही!"

"ओरडू नकोस. चूक झाली म्हणतेय ना."

"म्हटलंस कुठे तू?"

"आत्ता म्हटलं. चूक झाली, लेन. फुलाच्या बाबतीतही आणि तुझ्या बाबतीतही." तिचे डोळे भरले होते. "तुझ्याबद्दलची आधी म्हणायला हवी होती."

लेनने खाली वाकून डाव्या हाताने मला उचललं आणि माझं वाकडं फूल बघितलं. मग हसायला लागला. "माझ्या मनगटासारखंच जुळलंय बघ हे," तो म्हणाला. डोरीनलाही हसू आलं, रडता रडताच.

त्या दिवशी चहा डोरीननेच ओतला. तो गढूळ पाण्यासारखाच झाला होता, असं लेनने सांगितलं. लेन आपलं रोप परत घेऊन गेला. ठेव ही ठेवच राहिली पाहिजे, असं डोरीनचं म्हणणं पडलं. गिलियनला डोरीनने काही सांगितलं नाही. पण तिने एक अट घातली. रोज सकाळी आठ वाजता लेनने फोन करायचा. तिने उचलायचा नाही, कुणी बोलायचं नाही. त्याने फक्त दोनदा वाजवायचा आणि ठेवायचा. म्हणजे तो पायांवर उभा आहे एवढं कळेल. "आणि नाही वाजला," ती म्हणाली, "तर काठी टेकत येईन आणि दार फोडीन. मग गिलियनला मीच सांगेन."

याला आता तीन वर्षं झाली. डोरीन एक्क्याऐंशीची आहे आणि लेन त्र्याऐंशीचा. माझा नवा झुपका पुरा भरत आला आहे. परवा क्रॅबट्रीबाई येऊन गेल्या, त्यांनी मधल्या पानांत बोट घालून पाहिलं आणि "हं" म्हणाल्या, तो चांगला 'हं'. डोरीनने त्याच दिवशी माझ्या कुंडीच्या कडेवर खडूने एक रेघ ओढली आणि खिडकीच्या चौकटीवर दुसरी. पाणी घालायला उचललं तरी रेघेला रेघ जुळवूनच ती मला परत ठेवते.

स्वभाव काही जात नाही. मी आजही संशयी आहे, फक्त आता माझा संशय माणसांवर नाही, दिवसांवर आहे. कळी यायला अजून एक हिवाळा जाईल. त्या काचघराच्या पायऱ्यांवर पुन्हा हिव पडेल. मी फुलेन तेव्हा बघायला दोघंही असतील का, याची मला रोज शंका येते.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो, मित्रांनो. कळी आली की कुंडी फिरवू नका, तिला तिच्या उजेडात राहू द्या. आणि आपलं माणूस हात खिशात घालून बसलं, तर हाताने काय केलं हे विचारण्याआधी हाताला काय झालं हे विचारा. फूल वाकडं आलं तर ते चार वर्षांनी पुन्हा येतं. माणसाचं तसं नसतं.

आज डोरीन किटलीपाशी उभी आहे, पण तिने ती अजून सुरू केलेली नाही. घड्याळात आठला दोन मिनिटं कमी आहेत. आता एक. आता आठ वाजून गेले. तिने काठी हातात घेतली आहे आणि कोट खुंटीवरून काढला आहे.

वाजला. आणखी एकदा वाजला. मग थांबला.

डोरीनने कोट परत खुंटीला लावला आणि किटलीचं बटण दाबलं.